आयोवाच्या माळावरील दफनभूमी आणि कुलेतिहासाची साधने

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील आयोवा राज्यात मका आणि सोयाबीनच्या सलग शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला अर्धा-एक एकराची, तारेच्या कुंपणाने वेगळी काढलेली आणि दोन-चार सिडार वृक्षांवरून दुरूनच ओळखू येणारी दफनस्थळे विखुरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात प्रथम शेती करण्यासाठी आलेल्या गोऱ्या कुटुंबांना तेथे 'पायनियर', म्हणजे आद्य वसाहतकार, म्हणतात आणि त्यांच्या या दफनस्थळांना 'पायनियर सिमेट्री'. राज्याच्या कायद्यात मात्र या संज्ञेची व्याख्या निराळ्याच अंगाने केलेली आहे: ज्या दफनभूमीत मागील पन्नास वर्षांत बारा किंवा त्याहून कमी दफने झाली, ती पायनियर दफनभूमी. तेथे कोणाला पुरले किंवा ते केव्हा आले याबद्दल ही व्याख्या काहीच बोलत नाही. तेथे पुरणे थांबले एवढीच तिची कसोटी आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेने नकळत साधलेला हा नेमकेपणा कुलेतिहास लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण ज्या कुटुंबांचा इतिहास शोधण्यासाठी त्यांचे वंशज या जागी येतात, त्या कुटुंबांपैकी बहुतेक एक-दोन पिढ्यांतच तेथून पुढे निघून गेली होती. दगडांवर नावे उरली ती मुख्यतः ज्यांना पुढे जाता आले नाही त्यांची.

या जागा अशा एकाकी का, याचे उत्तर जमिनीच्या मोजणीत सापडते. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा हा मुलूख सॉक, मेस्क्वाकी, आयोवे, डकोटा आदी जमातींचा होता. १८३२ साली सॉक नेता ब्लॅक हॉक याच्या अनुयायांचा अमेरिकी सैन्याने पराभव केला आणि त्याच वर्षीच्या तहाने नदीकाठचा सुमारे साठ लाख एकरांचा पट्टा लिहून घेतला; १ जून १८३३ पासून तो वसाहतीला खुला झाला. पुढच्या तहांनी उरलेली जमीनही गेली आणि १८५१ पर्यंत आयोवातील जवळपास सर्व जमिनीवरील मूळ जमातींचा हक्क कागदोपत्री संपुष्टात आला. सरकारी मोजणीदारांनी १७८५ च्या अधिनियमानुसार हा प्रदेश चौकटीचौकटींनी आखला: सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाउनशिप, तिचे प्रत्येकी एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, छत्तीस 'सेक्शन', आणि सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, जो साधारणपणे एका कुटुंबाच्या शेतीचे माप मानला गेला. सोळावा सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवण्याचा नियम होता. मृतांसाठी मात्र या आखणीत कोणतीही जागा राखलेली नव्हती. महाराष्ट्रातील खेड्यात गावठाण एकीकडे, शेते त्याच्या भोवती आणि ओढ्याकाठी गावाचे मसणवट अशी रचना असते. आयोवात गावठाणच नव्हते, प्रत्येक कुटुंब आपापल्या जमिनीवर घर बांधून राहत होते आणि सर्वांत जवळचे शेजारघर बहुधा अर्ध्या मैलावर होते. त्यामुळे घरात पहिला मृत्यू झाला की पुरण्याची जागा त्याच जमिनीत शोधावी लागे.

ही जागा बहुधा उंचवट्यावर निवडली जाई, कारण तेथे पाणी साचत नसे आणि नांगरटीला ती तशीही गैरसोयीची असे. काही महिन्यांनी शेजाऱ्याचे मूल गेले की त्यालाही तेथेच ठेवण्याची परवानगी मागितली जाई, पुढे जवळपासच्या पाच-सात कुटुंबांची ती सामाईक जागा होई, आणि मूळ मालक सुज्ञ असला तर तो तेवढा तुकडा टाउनशिपच्या विश्वस्तांच्या किंवा एखाद्या चर्चच्या नावे खरेदीखताने लिहून देई. असे लिहून दिलेले नसले, तर जमीन विकली गेल्यावर नव्या मालकाच्या मर्जीवर सगळे अवलंबून राही. आज नामशेष झालेल्या कित्येक दफनभूमींच्या नाशाचे मूळ या न लिहिलेल्या खतात आहे. मृतदेह ख्रिस्ती प्रथेप्रमाणे पूर्व-पश्चिम, डोके पश्चिमेकडे ठेवून पुरले जात, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे असेल.

मृत्यूंची कारणे या वसाहतीच्या स्वरूपातूनच येत होती. नदीकाठच्या सखल, दलदलीच्या भागात हिवताप घरोघरी होता. १८४९ पासूनच्या काही वर्षांत आगबोटींच्या मार्गाने पटकी वर सरकत आली. घटसर्प आणि लोहितांगज्वर एका आठवड्यात एकाच घरातील तीन-चार मुले नेत असत. आणि बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. म्हणून या दफनभूमींत फिरणाऱ्याला सर्वप्रथम जाणवतात त्या लहान शिला. आयोवाची लोकसंख्या १८४० मध्ये ४३,११२ होती, १८५० मध्ये १,९२,२१४ आणि १८६० मध्ये ६,७४,९१३ झाली. वीस वर्षांत पंधरा पटींहून अधिक वाढलेल्या या समाजात वृद्ध माणसे थोडी आणि तरुण जोडपी व लेकरे फार, त्यामुळे मरणारेही त्याच वयांचे होते.

पहिल्या खुणा लाकडी फळ्यांच्या किंवा शेतात सापडलेल्या ओबडधोबड धोंड्यांच्या होत्या. फळ्या कुजल्या, माळावरच्या वणव्यांत जळल्या. धोंड्यांवर नाव नसल्यामुळे पुढच्या पिढीने त्यांना साधे दगड समजून बाजूला केले. स्थानिक चुनखडकाच्या शिला त्यानंतर आल्या आणि पूर्वेकडचा, विशेषतः व्हरमाँट राज्यातील, पांढरा संगमरवर मोठ्या प्रमाणावर आला तो लोहमार्गामुळे. १८५४ मध्ये लोहमार्ग मिसिसिपीच्या पूर्व काठाला पोहोचला, १८५६ मध्ये डेव्हनपोर्ट येथे त्या नदीवरचा पहिला रेल्वेपूल बांधला गेला आणि १८६७ मध्ये रूळ राज्याच्या पश्चिम सीमेवरील कौन्सिल ब्लफ्सपर्यंत गेले. कुलेतिहासाच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते, ती अशी की १८४५ किंवा १८५० सालचा मृत्यू नोंदवणारी सुबक संगमरवरी शिला प्रत्यक्षात पंधरा-वीस वर्षांनी, हाती पैसा आल्यावर, उभारलेली असू शकते, आणि तिच्यावरची तारीख कोणाच्या तरी आठवणीवरून कोरलेली असते. कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहून ठेवण्याची प्रथा होती. जेथे ते बायबल उपलब्ध आहे, तेथे शिलेपेक्षा त्याच्यावर अधिक भरवसा ठेवणे शहाणपणाचे, अर्थात तेथील सर्व नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या नसतील तरच.

१८७० च्या दशकानंतर आणखी दोन प्रकार दिसू लागतात. एक म्हणजे कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्टच्या मॉन्युमेंटल ब्राँझ कंपनीने प्रचारात आणलेली, 'व्हाइट ब्राँझ' या भारदस्त नावाने विकली जाणारी, पण वस्तुतः जस्ताची ओतीव स्मारके. निळसर राखाडी रंगाची ही पोकळ स्मारके त्या काळी हलक्या दर्जाची मानली गेली, परंतु दीडशे वर्षांनंतर त्यांच्यावरचे अक्षर न् अक्षर वाचता येते, तर शेजारचा प्रतिष्ठित संगमरवर पावसातील आम्लाने रवाळ होऊन सपाट झाला आहे. दुसरा प्रकार ग्रॅनाइटचा, जो यंत्राने कापण्याची आणि घासण्याची सोय झाल्यावर स्वस्त झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तर सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या पेढीच्या सूचिपत्रातून थडग्याचा दगड मागवता येत असे.

शिलेवरच्या मजकुराची एक ठरीव परिभाषा होती. मुलाच्या शिलेवर कोकरू, दांपत्याच्या शिलेवर एकमेकांत गुंतलेले दोन हात, शोकासाठी वाकलेला विलो वृक्ष आणि स्वर्गाची दिशा दाखवणारे वर केलेले बोट ही चिन्हे सर्वत्र आढळतात आणि कारागिराच्या नमुना-पुस्तकातून निवडली जात असल्यामुळे मृताच्या व्यक्तित्वाविषयी ती फारसे काही सांगत नाहीत. मजकुरात जन्मतारखेऐवजी मृत्यूची तारीख आणि त्या दिवशीचे वय वर्षे, महिने व दिवस अशा रूपात देण्याची पद्धत होती. त्यावरून वजाबाकीने जन्मतारीख काढता येते, मात्र महिना तीस दिवसांचा धरला की प्रत्यक्ष दिवसांचा, यावर एक-दोन दिवसांचा फरक पडतो, आणि वंशावळींमधून फिरणाऱ्या अनेक परस्परविरोधी जन्मतारखांचा उगम या वजाबाकीतच आहे. नवऱ्याच्या आधी वारलेल्या स्त्रीचा उल्लेख 'कॉन्सॉर्ट' आणि विधवेचा 'रेलिक्ट' या शब्दांनी केला जाई, त्यावरून नवऱ्याचा मृत्यू तिच्या आधीचा की नंतरचा एवढे समजते. पण स्त्रीचे माहेरचे आडनाव शिलेवर क्वचितच असते, 'अमक्याची पत्नी' एवढ्यावरच तिची ओळख संपते. कुलेतिहासाचा धागा आईच्या बाजूने वारंवार तुटतो तो येथे. एका पुरुषाच्या दोन्ही बाजूंना दोन किंवा तीन पत्नींच्या शिला आढळतात, आणि मुले कोणत्या आईची हे मुलांच्या वयांचा मृत पत्नींच्या तारखांशी मेळ घालूनच ठरवावे लागते.

सर्वच वसाहतकारांची दफनाची रीत एकसारखी नव्हती, आणि 'पायनियर' या एका शब्दाखाली ते भेद झाकले जातात. ईशान्य आयोवातील डेकोराच्या परिसरात नॉर्वेजियन लूथरपंथीयांची वस्ती होती. त्यांच्यात आडनाव हे वडिलांच्या नावावरून दर पिढीला बदलत असे, म्हणजे उले नावाच्या माणसाचा मुलगा उलसन आणि नातवाचे आडनाव पुन्हा निराळे, आणि अमेरिकेत आल्यावर काहींनी मायदेशातील शेतवाडीचे नाव आडनाव म्हणून घेतले, त्यामुळे एकाच घरातील भावांच्या शिलांवर दोन आडनावे असणे शक्य आहे. याहून निराळी रीत अमाना येथील जर्मन धर्मपंथाची. १८५५ पासून आयोवा नदीच्या खोऱ्यात सात खेडी वसवून सामुदायिक मालकीने राहणाऱ्या या पंथाने दफनातही कुटुंब हा घटक मानला नाही; मृतांना ज्या क्रमाने मृत्यू आला त्या क्रमाने रांगेत पुरले गेले आणि सर्वांसाठी एकाच आकाराचा साधा दगड लावला गेला. शेजारच्या शिलेवरचा माणूस नातलग असावा हा वंशावळ शोधणाऱ्याचा हुकमी अंदाज अमानात निरुपयोगी ठरतो; तेथे शेजार सांगतो तो मृत्यूचा क्रम.

शिला एवढेच सांगत असल्यामुळे तिच्या जोडीला कागद घ्यावा लागतो, आणि आयोवाच्या बाबतीत हा कागद बराच समृद्ध आहे. राष्ट्रीय जनगणनेत १८४० पर्यंत घरातील केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई आणि बाकीच्यांची वयोगटानुसार मोजदाद होई. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि जन्माचे राज्य किंवा देश नोंदवले जाऊ लागले, तर कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिण्याचा रकाना १८८० मध्ये आला. दोन मुले ओहायोत, तिसरे इंडियानात, चौथे इलिनॉयमध्ये आणि धाकटे आयोवात जन्मलेले असे कुटुंब १८५० च्या पत्रकात दिसले, की त्या कुटुंबाच्या प्रवासाचा मार्ग आणि वेग दोन्ही हाती येतात. याच जनगणनेबरोबर १८५० ते १८८० या काळात 'मृत्युपत्रके' भरली जात, ज्यांत जूनच्या पहिल्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत वारलेल्या व्यक्तींची नावे, मृत्यूचा महिना आणि कारण यांची नोंद असे. चिन्ह नसलेल्या थडग्यातील माणसाचा एकमेव लेखी पुरावा कित्येकदा हाच असतो, मात्र दशकातील नऊ वर्षांचे मृत्यू त्यात मुळातच येत नाहीत. १८९० च्या जनगणनेची बहुतेक पत्रके वॉशिंग्टन येथे जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीमुळे नष्ट झाली, तेव्हा आयोवाने स्वतः घेतलेल्या १८८५ आणि १८९५ च्या राज्य जनगणना ती पोकळी बऱ्याच अंशी भरून काढतात. १८५६ च्या राज्य जनगणनेत माणूस आयोवात किती वर्षे राहतो हे विचारले होते, आणि १९२५ च्या जनगणनेत आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, लिहून घेतली गेली; शिलेने गाळलेले आजीचे आडनाव सत्तर वर्षांनी नातवाच्या घरातील रकान्यात असे मिळू शकते.

जमिनीचे दप्तर वाचताना मात्र सावधगिरी हवी. १८३८ मध्ये डब्यूक आणि बर्लिंग्टन येथे सरकारी जमीन विक्रीची कचेरी उघडली आणि एकरी सव्वा डॉलर या किमान दराने विक्री सुरू झाली. परंतु १८१२ च्या आणि मेक्सिकोविरुद्धच्या युद्धातील सैनिकांना बक्षीस म्हणून दिलेली जमीनपत्रे बाजारात कमी भावाने विकली जात, आणि आयोवातील मोठे क्षेत्र सटोडियांनी अशा पत्रांच्या बळावर घेतले. परिणामी सरकारी सनदेवर ज्याचे नाव, त्या माणसाने ती जमीन कधी पाहिलीही नसेल आणि ती नांगरणारा व तिच्यात मुले पुरणारा वेगळाच असेल, हे सहज शक्य आहे. सनदेची नक्कल चौकटीत लावून 'आमच्या पूर्वजांची भूमी' म्हणणाऱ्या वंशजांना हा तपशील अर्थातच फारसा आवडत नाही.

मग दफनभूमीत कोण नाही, हा प्रश्न उरतो. अमेरिकी इतिहासकार मर्ल कर्टी यांनी विस्कॉन्सिनमधील ट्रेम्पेलो काउंटीचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि ॲलन बोग यांनी इलिनॉय-आयोवातील शेतीचा इतिहास १९६३ मध्ये. काउंटी म्हणजे राज्याचा स्थानिक कारभाराचा विभाग, असे ९९ विभाग आयोवात आहेत. एका जनगणनेतील नावे पुढच्या जनगणनेत शोधण्याची रीत या अभ्यासकांनी वापरली आणि त्यातून असे दिसले की दहा वर्षांत शेतकऱ्यांचा फार मोठा हिस्सा त्या भागातून नाहीसा झालेला असे. हे लोक मेले नव्हते. ते जमीन चढ्या भावाने विकून किंवा कर्जात गमावून कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा, ऑरेगनकडे गेले होते. मुलाला येथे पुरून आईबाप चारशे मैलांवर जाऊन मेले, असे असंख्य वेळा घडले. जे राहिले आणि श्रीमंत झाले, त्यांनी १८७० आणि १८८० च्या दशकांत शिकागोच्या प्रकाशकांनी आगाऊ वर्गणी घेऊन छापलेल्या जाडजूड काउंटी-इतिहासांत पैसे भरून आपली चरित्रे छापून घेतली, आणि स्वतःसाठी काउंटीच्या मुख्य शहरातील वळणदार रस्त्यांच्या नव्या, उद्यानासारख्या दफनभूमीत जागा घेतली. काहींनी जुन्या जागेतील आईवडिलांचे अवशेषही तिकडे हलवले. म्हणून छापील इतिहास स्थिर झालेल्यांचा आहे आणि माळावरची दफनभूमी निघून गेलेल्यांच्या मृतांची. या दोहोंचा मेळ सहसा बसत नाही.

यादवी युद्धाने या दफनभूमींत आणखी एक थर घातला. आयोवातून सुमारे ७६,००० माणसे संघराज्याच्या सैन्यात गेली आणि त्यांतील सुमारे १३,००० मेली, बहुतेक रोगाने आणि दक्षिणेकडच्या छावण्यांत. १८७९ च्या कायद्याने खाजगी दफनभूमीतील सैनिकांनाही सरकारी खर्चाने शिला देण्याची तरतूद झाली. खोलगट ढालीच्या आकारात नाव आणि पलटण कोरलेल्या या पांढऱ्या शिला दुरूनच ओळखू येतात. पण घरच्यांनी उभारलेल्या काही शिलांखाली मृतदेहच नाही, कारण तो टेनेसी किंवा मिसिसिपी राज्यात राहिला. अशी शिला स्मारक आहे, थडगे नाही, आणि गणती करणारे दोन्ही एकच समजतात.

विसाव्या शतकात लोहमार्गाने टाळलेली खेडी ओस पडली, लहान चर्चे एकमेकांत विलीन झाली, यंत्रशेतीने दोन-दोन, चार-चार शेते एक केली, आणि दफनभूमी जनावरांच्या पायाखाली किंवा नांगराच्या कडेला आल्या. त्यांची पहिली पद्धतशीर नोंद महामंदीच्या काळात झाली: केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतील, डब्ल्यूपीए या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या माणसांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयोवातील थडगी काउंटीवार लिहून काढली. आज त्यांच्या याद्यांतील कित्येक शिला जागेवर नाहीत, त्यामुळे घाईने आणि चुकीच्या शुद्धलेखनाने केलेली ती नोंद मूळ दगडापेक्षा मोलाची ठरली आहे. त्याआधीपासून 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही १८९० मध्ये स्थापन झालेली महिला संघटना शिलांच्या नकला करीत होती, कारण तिचे सभासदत्व मिळवण्यासाठी स्वातंत्र्ययुद्धातील पूर्वजापर्यंतची वंशावळ सिद्ध करावी लागे. म्हणजे या उद्योगाच्या मुळाशी प्रतिष्ठेची ओढ होती, हे लपवण्यात अर्थ नाही. सामान्य माणसाला आणि विशेषतः गुलामगिरीतून आलेल्यांच्या वंशजांना कुलेतिहासाकडे वळवले ते ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स' या १९७६ च्या पुस्तकाने आणि पुढच्या वर्षीच्या दूरचित्रवाणी मालिकेने.

याच इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. इलिनॉयमधून हाकलून दिलेले मॉर्मनपंथीय १८४६ मध्ये आयोवा ओलांडून पश्चिमेकडे निघाले, तेव्हा त्यांनी दक्षिण आयोवात माउंट पिस्गा येथे मुक्कामाची शेती उभारली. १८५२ मध्ये ती सोडून देईपर्यंत तेथे शेकडो माणसे मेली, त्यांतील बहुतेकांची थडगी आज ओळखता येत नाहीत आणि पंथाने १८८८ मध्ये तेथे एक सामाईक स्मारक उभारले. मृत पूर्वजांसाठी विधी करता यावेत म्हणून त्यांची नावे शोधणे हे या पंथात धर्मकर्तव्य मानले जाते, आणि त्यासाठी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या युटाच्या वंशावळ संस्थेने जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेतली, ज्यांत हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचाही समावेश आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्याही त्याच जातीच्या: यात्रेकरूने स्वतः येऊन सांगितलेली, पिढ्यांगणिक वाढत जाणारी नोंद. दहनाची प्रथा असलेल्या समाजात कुलाची स्मृती शिलेवर न राहता अशा वह्यांत आणि विसाव्या शतकात छापलेल्या कुलवृत्तांतांत राहिली, आणि तिच्यात मृत्यूच्या जागेपेक्षा मूळ गाव व उपनाव यांना महत्त्व आले. आयोवाची शिला नेमके उलट करते. माणूस कोठे संपला ते ती सांगते आणि कोठून आला ते शोधणाऱ्यावर सोडते.

१९९५ मध्ये जिम टिप्टन यांनी 'फाइंड अ ग्रेव्ह' हा थडग्यांचा संगणकीय संग्रह सुरू केल्यापासून स्वयंसेवकांची संख्या प्रचंड वाढली आणि उत्साहाबरोबर हानीही. पुसट अक्षरे वाचण्यासाठी दाढीचा साबण फासणे, तारेच्या ब्रशने किंवा ब्लीचने शिला घासणे हे प्रकार संगमरवराचा वरचा थर काढून टाकतात. तिरप्या प्रकाशात आरसा धरून अक्षरे वाचण्याची निरुपद्रवी युक्ती त्यामानाने कंटाळवाणी वाटते. चिन्ह नसलेली थडगी शोधण्यासाठी आयोवात वाकवलेल्या तारा हातात धरून चालणारे लोक अजून आहेत. महाराष्ट्रातील पाणाड्याचा हा सख्खा भाऊ आयोवाच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयातील अभ्यासकांच्या कसोटीला उतरलेला नाही. आयरिस, पिओनी किंवा पेरिविंकल यांचा माळावर उगाच दिसणारा ताटवा हा त्याहून विश्वासार्ह पुरावा, कारण तो कोणीतरी लावलेला असतो.

वनस्पतींच्या बाबतीत या जागांनी अनपेक्षित महत्त्व मिळवले. आयोवाची सुमारे ८५ टक्के भूमी एकेकाळी उंच गवताच्या माळाने, म्हणजे प्रेअरीने, व्यापलेली होती. त्यातील एक सहस्रांशाहूनही कमी आज शिल्लक आहे, आणि दफनभूमी कधीच नांगरली न गेल्यामुळे त्या अल्प अवशेषांचा काही भाग थडग्यांच्या मधल्या जागेत टिकला. आयोवातच जन्मलेले निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिनमधील एका ग्रामीण दफनभूमीच्या कोपऱ्यात उरलेल्या आणि कापणीला बळी पडलेल्या कंपास प्लँट या वनस्पतीवर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञही अशा जागा शोधत आले आहेत. सीडर काउंटीतील रोचेस्टर येथील सुमारे १३ एकरांची दफनभूमी त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. जुन्या ओक वृक्षांखाली वसंतात शूटिंग स्टार या रानफुलांचे पट्टे फुलतात. येथेच वंशज आणि निसर्गप्रेमी यांच्यात मतभेद झाले, कारण एका पक्षाच्या मते गवत कापलेले नसणे हा मृतांचा अनादर, तर दुसऱ्याच्या मते तेच गवत पायनियरांनी प्रथम पाहिलेल्या भूमीचे शेवटचे रूप. कायद्याने पायनियर दफनभूमीची निगा मूळ माळगवत राखूनही घेता येते असे मान्य केले आहे, पण आजोबांच्या शिलेपर्यंत चालत जायला वाट हवी ही मागणी त्यामुळे मिटलेली नाही.

या भूमीचे आधीचे मृत मात्र फार काळ या चर्चेच्या बाहेर राहिले. ओहायोतील मॅरिएटा येथे तर आद्य वसाहतकारांनी आपली दफनभूमी प्राचीन मृत्तिकास्तूपाभोवतीच आखली. आयोवात ब्लॅक हॉक १८३८ मध्ये वारल्यानंतर वर्षभरात त्याचे अवशेष थडग्यातून चोरले गेले, परत मिळाल्यावर ते बर्लिंग्टन येथील एका संग्रहालयात ठेवले गेले आणि १८५५ च्या आगीत ती इमारत जळाली. पायनियरांच्या पहिल्या दफनभूमी ज्या वर्षांत आखल्या जात होत्या, त्याच वर्षांत हे घडले. मूळ रहिवाशांपैकी मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये टामा काउंटीत ८० एकर जमीन रोख पैशाने विकत घेऊन आपले वास्तव्य आणि आपली दफने पुन्हा स्वतःच्या मालकीत आणली.

१९७१ मध्ये नैऋत्य आयोवातील ग्लेनवुडजवळ रस्त्याच्या कामात एक विस्मृतीत गेलेली पायनियर दफनभूमी उघडी पडली. तिच्यातील २६ गोऱ्या व्यक्तींचे अवशेष लगेच स्थानिक दफनभूमीत पुन्हा पुरले गेले. तेथेच सापडलेल्या एका मूळ अमेरिकी स्त्रीचे आणि तिच्या बाळाचे अवशेष मात्र अभ्यासासाठी प्रयोगशाळेत पाठवले गेले. महामार्ग विभागात अभियंता असलेल्या पतीकडून हे कळल्यावर यँक्टन डकोटा जमातीच्या मारिया पिअर्सन यांनी पारंपरिक वेषात राज्यपाल रॉबर्ट रे यांच्या कार्यालयाबाहेर बसून भेट मिळवली आणि आपल्या माणसांची हाडे परत मागितली. त्यांच्या पाठपुराव्यातून १९७६ मध्ये आयोवाने दफनसंरक्षणाचा कायदा केला, जो अमेरिकेतील अशा प्रकारचा पहिला ठरला आणि याच विषयावरील १९९० च्या राष्ट्रीय कायद्याची वाट त्याने मोकळी केली. आयोवाच्या या तरतुदींनुसार दीडशे वर्षांहून जुने मानवी अवशेष, मग ते कोणत्याही वंशाचे असोत, राज्य पुरातत्त्वज्ञाच्या अखत्यारीत येतात. कायदा झाला तेव्हा ही मर्यादा १८२६ सालापर्यंत पोहोचत होती, म्हणजे एकही वसाहतकार तिच्या कक्षेत नव्हता; १९८३ मध्ये तिने पहिल्या वसाहतीचे वर्ष गाठले, आणि आता पटकीच्या साथीत मेलेली मुले, बाळंतपणात गेलेल्या स्त्रिया आणि यादवी युद्धातून परतून घरी मेलेले सैनिक यांची थडगी, एकेक वर्ष पुढे सरकत, त्याच कलमाखाली येत आहेत.